हद्दीपलीकडचं नाणं

शांताबाई सोनकांबळे कुठंही निघाल्या की उंबऱ्यावर थांबून एक प्रश्न हमखास विचारायच्या, "तितं आपलं नाणं चालतंय ना?" नांदेडला निघाल्या तरी हाच प्रश्न आणि उदगीरला निघाल्या तरी हाच. लातूर उस्मानाबादेतून तुटून वेगळा जिल्हा झालं तेव्हा गल्लीत पेढे वाटणं चाललं होतं आणि बाई मला विचारत होत्या, "काय हो बँकवाले, आता उस्मानाबादेला जायचं म्हनलं तर पैसा बदलून घ्यावा लागतो का?" मी बँकेतला अधिकारी. माझ्या तोंडावर लगेच शहाणपणाचं हसू आलं आणि मी त्यांना देशभर एकच रुपया कसा चालतो ते सविस्तर समजावून सांगितलं. बाईंनी पेढा खात खात सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, "तसा कागद हाय का तुमच्याकडं?"

मी मूळचा नांदेडचा. गोदावरीच्या काठावर वाढलेला असल्यामुळे पाणी ही मागायची वस्तू असते हे मला ठाऊकच नव्हतं. बढतीवर लातूरला आलो तेव्हा होऊ घातलेल्या जिल्ह्यासाठी एकेक कचेरी उघडत होती, साहेब लोक खोल्या शोधत फिरत होते आणि पाऊस तेवढा कुठल्याच साहेबाला दाद देत नव्हता. बाईंच्या दारी खोली विचारायला गेलो. वाटलं, पगार विचारतील, लग्न झालंय का विचारतील. त्यांनी विचारलं, "आंघुळीला पानी किती लागतं?" मी ऐटीत सांगितलं, आम्ही गोदावरीकाठचे, सकाळ-संध्याकाळ आंघोळ लागते. बाईंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि तांब्याभर पाण्यात भागतं असं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठं खोली मिळाली. ती शपथ बाईंनी मला उभा दुष्काळ पाळायला लावली.

बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. औसा, निलंगा, अहमदपूर, जिथं जिथं बदली झाली तिथली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका मुलीला, सुनंदाला, त्यांनी आपल्यासारखंच नर्स केलं. ठेंगणी, काळी, ठसठशीत बाई. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली स्वतःच्या हाताने शिवलेली पांढरी झालर, आणि दारात रांगेने उपड्या घातलेल्या घागरी. जन्मभर बाळंतिणींशी बोलून बोलून त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं, "वरडू नका, जोर लावा." ते त्या सगळ्यांनाच सुनवायच्या. कोरडा पडलेला हातपंप मी हापसत असलो की मला, हप्ता बुडवलेल्या शेतकऱ्यावर आमचे मॅनेजर खेकसत असले की मॅनेजरांना. मॅनेजर त्यांना वचकून होते, कारण त्यांचाही धाकटा मुलगा बाईंच्याच हातचा.

लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं त्याबरोबर आमच्या शाखेची पतही वाढली. वरच्या कचेरीतून एक पाटी आली, 'परकीय चलन'. ती कुणाच्या डोक्यावर टांगायची यावर बरीच चर्चा झाली. मी एकदा हैदराबादचा विमानतळ बाहेरून पाहिला होता, एवढ्या पात्रतेवर ती माझ्या डोक्यावर टांगली गेली. मी घरी पत्र टाकलं की आता परदेशी चलन माझ्या हातून जातं. खरं म्हणजे परदेशी नोट मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पाटीखाली बसून मी विहिरीच्या कर्जाचे अर्ज भरून घेत होतो, कारण त्या वर्षी लातुरात दुसरं काही मागायला कुणी येतच नव्हतं. डॉलर मागायला जो पहिला माणूस आला त्या माझ्या घरमालकीणबाईच होत्या.

सुनंदा मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स होती. जावई प्रकाश तिथंच साइटवर वीजजोडणीची कामं करायचा. सुनंदाला दिवस गेले होते आणि पहिलटकरणीला आई हवी होती. तिकीट जावयानं पाठवलं. मी म्हटलं, "बाई, तिकीट आलंय, विमानतळावर जावई घ्यायला येणार, दवाखाना मुलीचाच. तुम्हाला चलन कशाला हवंय? फार कटकटीचं काम असतं ते."

"तुमची पाटी कशापायी टांगलीय मग?" बाई म्हणाल्या. "परक्या मुलखात जायचं तर तितं चालणारा पैसा हद्दीच्या अल्याड बदलून घ्यायचा. पल्याड गेल्यावर कुनी पुसत न्हाई."

हे खूळ कुठलं ते आमच्या भागातल्या जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. निजामाच्या राज्यात त्याचा स्वतःचा रुपया होता, त्याला हाली म्हणायचे. सोलापूर-बार्शीकडे इंग्रजांचा मुलूख, तिथला रुपया कलदार. हद्दीच्या नाक्यावर सराफ बसलेले असत, ते बट्टा कापून हालीचे कलदार करून देत. माझे आजोबाही सोलापूरला जाताना असेच नाणी बदलून जायचे. बाईंच्या डोक्यात तो नाका अजून उठलेला नाही, असं मी शाखेत सगळ्यांना हसत हसत सांगितलं. सगळे हसले.

अर्ज मुंबईला गेला. कितीतरी दिवसांनी तिथून उत्तर आलं आणि त्यासोबत प्रवासी चेकांचं कोरं करकरीत पाकीट. असा चेक म्हणजे परदेशात वटवायचा डॉलरचा कागद. ते पाकीट बघायला अख्खी शाखा माझ्या टेबलाभोवती जमली. बाई नवीन पातळ नेसून आल्या होत्या. चेकावर सहीच्या दोन जागा होत्या, एक वर, एक खाली. आता आमच्या शाखेची एक रीत होती. कर्ज मागायला आलेला माणूस लांबच्या खेड्यातून आलेला असतो, तो पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून कागदावर जिथं जिथं रिकामी जागा दिसेल तिथं एका बैठकीत सही उरकून घ्यायची. रिकामी जागा पाहिली की आमचे हात शिवशिवायचे. बाईही सरकारी नोकरीतल्या, त्यांनाही तीच सवय. त्यांनी वर सही केली. मॅनेजर वाकून म्हणाले, "खालची राहिली." मी म्हणालो, "हो, खालची राहिली." बाईंनी खालचीही केली, सगळ्या चेकांवर, वळणदार अक्षरात. मग मी टाळी वाजवली. वाजवायला नको होती, पण आनंदच इतका झाला होता.

बाईंना मुंबईला पोचवायला मीच निघालो. परकीय चलनाचा अधिकारी असल्यामुळे आपल्यावाचून हे विमान उडणार नाही अशी माझी समजूत होती. लातूरहून छोट्या रुळांच्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी. छोटी गाडी इतकी सावकाश जायची की मी वाटेत बाईंना विमानात पट्टा कसा बांधतात, तेही शिकवून टाकलं, माझ्या कमरेच्या पट्ट्यावर. बार्शी आली तशी बाईंनी खिडकीची झडप खाली ओढली. मी म्हटलं, धूळ येतेय का? गाडी सुटून बरीच पुढे गेल्यावर त्यांनी झडप वर केली.

विमानतळावर आत जायला मी तिकीट काढलं. वेळ भरपूर होता. बाई म्हणाल्या, "बँकवाले, ह्यो कागद मला पटंना. एक तरी खरी नोट हातात द्या. तिची शकल तर बगू द्या." तिथं एका बँकेची खिडकी होती. मी रुबाबात तिथं गेलो, 'आपण एकाच धंद्यातले' असं हसून चेक पुढे केला. आतल्या माणसाने तो उलटसुलट केला, मग बाकीचे मागून घेतले.

"ही खालची सही कुणी घेतली?"

"मी," मी म्हणालो. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

त्याने मला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, मी बाईंना रुपया समजावला होता तसंच. वरची सही चेक घेताना करायची आणि खालची सही जो पैसे देणार त्याच्या डोळ्यांसमोर करायची. दोन्ही सह्यांची गाठ पडली की माणूस खरा. आता दोन्ही आधीच झाल्यामुळे जगात कुणी या चेकांना हात लावणार नाही. ते परत पाठवून बदलून घ्यावे लागतील, त्याला दिवस लागतील. आणि मस्कतच्या नोटा त्या खिडकीवर ठेवतच नव्हते. मी विचारलं, "आपण कुणाशी बोलताय ते माहीत आहे का?" तो म्हणाला, "नाही." मलाही त्या क्षणी नीटसं माहीत नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकलं. त्या आपल्या पत्र्याच्या पेटीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चला लातूरला. मी न्हाई जात."

तिकडे मुलीचे दिवस भरत आलेले, इकडे सामान द्यायला लोकांच्या रांगा लागलेल्या. मी हात जोडले, पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. म्हटलं, जावई दारात उभा असेल हो, तुम्हाला खिशात हात घालायची वेळच येणार नाही. एवढ्यासाठी पोरीला एकटी टाकता का?

"बँकवाले," बाई म्हणाल्या, "माजी आई बार्शीत मेली."

मी पेटीशेजारी खाली टेकलो.

"मी आठ-नऊ वर्साची व्हते. आईचं बाळंतपन आडलं. आमचं गाव निजामाचं, दवाखाना बार्शीला, इंग्रजाच्या मुलखात. गावच्या गाडीनं नाक्यावर उतरवलं, पुढं गाडी जाईना. बापाकडं पैसे व्हते बरं का. लोकाच्या बांधावर राबून साठवलेले, पन सगळे हाली. तवा त्याला कुनीतरी म्हनलं, आधी बदलून घे, सराफाचं दुकान हितंच हाय. तो म्हनला, आधी दवाखाना गाठू, ते मागून बगू. पल्याड टांग्यावाल्याला पैसे दावले. त्यो म्हनला, हे नाणं हितं चालत न्हाई. बाप परत नाक्याकडं पळाला बदलायला. मी आईचं डोकं मांडीवर घिऊन रस्त्याच्या कडंला बसलेली. बाप कलदार घिऊन आला तवर..." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "बापाला मी कदी माफ केलं न्हाई. अल्याड बदलून घ्यायला काय झालतं त्याला? म्हातारा मरेस्तोवर मी त्याच्याशी धड बोलले न्हाई. आन आज मी तसंच जाऊ? पोरगी आडलेली आन हातात न चालणारा कागूद?"

शाखेत हसत हसत सांगितलेला तो नाका मला आठवला आणि कुठं तोंड लपवावं ते कळेना. मी जोडलेले हातसुद्धा सोडायचे विसरलो.

मग बाई स्वतःच उठल्या. पेटीवर उभ्या राहिल्या आणि बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर ओरडावं तशा आवाजात त्या चकचकीत दालनात ओरडल्या, "नांदेड-लातूरकडचं कोन हाय का, मस्कतला जाणारं?"

सगळं दालन वळून बघायला लागलं. मी एका खांबाआड सरकलो. रांगेतून एक उंच पोरगा बाहेर आला. "म्या हाव, मावशी. नायगावचा. काय झालं?" त्याचं नाव माधव. घरची कोरडवाहू शेती, तिच्यात काही पिकेना म्हणून वेल्डिंग शिकून मस्कतला गेलेला आणि आता सुट्टी संपवून परत चाललेला. बाईंनी आधी त्याची पुरी चौकशी केली. बाप काय करतो, किती भाऊ, विहिरीला पाणी आहे का. मग आपली अडचण सांगितली.

"एवढंच व्हय?" त्याने आतल्या खिशातून घडी घातलेली एक नोट काढली. रियालची. "उतरल्यावर च्या-पान्याला म्हनून जपून ठेवली व्हती. घ्या. लागली तर मोडा, न्हाई तर सवडीनं द्या मला तिथंच. खामखा फिकीर करून राहिले तुमी."

अशी नोट हातोहात घेणं-देणं तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. ते परिपत्रक मला तोंडपाठ होतं, पाटीच माझ्या डोक्यावर होती. मी छताकडे बघत उभा राहिलो. त्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बराच वेळ बघितलं. खाली पाहिलं तेव्हा नोट बाईंच्या मुठीत गेली होती आणि माधव बाळंतिणीसाठी नेलेल्या डिंकाच्या लाडवांपैकी दोन खात होता. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी नोट जवळून पाहायची संधी आली होती, तीही मी अशी घालवली. बाई आत जाताना मला म्हणाल्या, "जावा आता. आन खालची सही कुनाची घिऊ नका."

ते चेक मी परत पाठवले, त्यांचे पैसे यथावकाश आले. शाखेत मॅनेजरांनी मला खोलीत बोलावून दार लावलं आणि विचारलं, "खालची राहिली, हे आधी कोण म्हणालं?" मी म्हणालो, "आपण दोघं." त्यांनी दार उघडलं. पाटी मात्र माझ्या डोक्यावर होती तशीच राहिली, कारण ती काढायचा हुकूम कुठून मागवायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाई परत आल्या तेव्हा लातुरात उन्हाळा पेटला होता. सकाळी टँकरची वाट बघत गल्ली घागरी लावून बसली होती, बाई आपल्या घागरीवर टेकल्या होत्या. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सवयीने विचारलं, "काही चलन शिल्लक असेल तर बँकेत भरावं लागतं, बाई."

"माधवाची नोट माधवाला दिली. मोडलीच न्हाई."

"बघा! मी म्हटलंच होतं, काही लागणार नाही."

"लागनार व्हती," बाई म्हणाल्या. "प्रकाश साइटवर गेलेला आन सुनंदाला कळा सुरू झाल्या. मला ना तितली भाशा, ना रस्ता. तिला धरून सडकंवर आले. नोट अशी मुठीत, वर करून दावत व्हते येनाऱ्या गाड्याला. एक टॅक्सी थांबली. दाढीवाला म्हातारा, अरबी का कोन. त्यानं नोटंकडं बगितलं न्हाई. पोरीच्या पोटाकडं बगितलं, दार उघडलं, गाडी अशी पळवली म्हनता! दवाखान्यात आत नेऊन सोडलं. मी नोट पुढं केली. घेईना. मी त्याच्या हातात कोंबली, त्यानं परत माज्या मुठीत घातली आन मूठ मिटवली. आन गेला."

मला हे ऐकून फार बरं वाटलं. मी म्हणालो, "चांगला माणूस भेटला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हातपंपाशी मी काही मूर्खपणा केला की त्या पाहायच्या, तसं त्यांनी या वेळी पाहिलं नाही. डोळे भरले होते त्यांचे.

"त्येला यायचं व्हतं, बँकवाले. म्हनून त्यानं नाणं पुसलं न्हाई. बार्शीच्या टांग्यावाल्याला यायचंच न्हवतं. महाराची बाई टांग्यात कोन घेतंय त्या काळात? नाण्याचं त्यानं नुस्तं नाव केलं. बापानं कलदार नेले असते तर त्यानं दुसरं काय तर काडलं असतं. माज्या बापाला हे ठाव असनार. तरी म्हातारा मला कदी बोलला न्हाई. पोरीला वाटू दे बापाचीच चूक, म्हनून गप ऱ्हायला."

टँकर आला. गल्ली घागरी घेऊन धावली, ढकलाढकली सुरू झाली. एरवी रांग मोडली तर बाई कुणाची गय करत नसत. त्या जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, "बाई, उठा, पाणी जाईल." त्या उठल्या, घागर माझ्या हातात दिली आणि पुन्हा तिथंच खाली बसल्या.

"तुमी भरा," म्हणाल्या. "मला जरा बापाशी बोलायचं हाय."